कुत्र्याचा खुराक: रोज किती घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर कुत्रं घेऊन फिरणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न कुत्र्याच्या नावाचा, दुसरा जातीचा आणि तिसरा ठरलेला: "खायला काय घालता?" किती घालता, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आम्हीही विचारलं नव्हतं. आमचं पहिलं कुत्रं लॅब्राडॉर, नाव पैलवान. नावाला जागावं म्हणून सगळ्या घरानं मिळून त्याला ३८ किलोवर नेऊन ठेवलं. तिथून खाली उतरवताना जे शिकलो आणि नंतर लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथं एकत्र केलंय. मी पशुवैद्य नाही. आजारी कुत्र्याचा आहार त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

जास्त फिरवाफिरवी नको, सरळ आकडा सांगा. माझं कुत्रं २५ किलोचं आहे.

कुत्रं वयात आलेलं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालणारं आणि बाकी वेळ सोफ्याखाली झोपणारं असेल, तर दिवसाला साधारण ११०० कॅलरी. साध्या कोरड्या डॉग फूडच्या हिशेबात दोन्ही वेळचं मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास.

पण हा आकडा फक्त सुरुवातीचा. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद पहिल्याच दिवशी त्याला दोन लिटर दूध आणि बदामाची थंडाई लावत नाही. आधी त्याचे जोर-बैठका बघतो, अंग कसं भरतंय ते बघतो आणि मग खुराक वाढवतो. कुत्र्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. खुराक खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणाऱ्या गड्याचा आणि मेहनत म्हणजे दारापासून गेटपर्यंत! तेव्हा ३०० ग्रॅमवर सुरू करा, दर पंधरा दिवसांनी वजन करा, बरगड्या चाचपा. वजन चढत असेल तर दहा टक्के कमी, उतरत असेल तर दहा टक्के जास्त. दोन-तीन महिन्यांत तुमच्या कुत्र्याचा खरा आकडा हाती लागतो.

हे ११०० आले कुठून?

पशुवैद्य एक जुनं सूत्र वापरतात. कुत्रं नुसतं पडून राहिलं तरी श्वास, काळीज आणि अंगातली ऊब चालू ठेवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी आधी काढायची. त्यासाठी वजनाचा पाऊण घात करून त्याला ७० नं गुणतात. पाऊण घात ऐकून घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वजन तीनदा मांडून गुणाकार करायचा आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं.

२५ किलोसाठी: २५ × २५ × २५ = १५,६२५. पहिलं वर्गमूळ १२५, दुसरं ११.१८. त्याला ७० नं गुणलं की ७८३ कॅलरी. ही झाली पडून राहण्याची गरज. आता चालणं-फिरणं धरून त्याला १.४ नं गुणलं की १०९६, म्हणजे आपले ११००.

एवढंही नको असेल तर वजनाला ३० नं गुणा आणि ७० मिळवा. मधल्या आकाराच्या कुत्र्यांना हे बऱ्यापैकी जुळतं (२५ किलोला ८२० येतं, म्हणजे किंचित जास्त). पॉमेरेनियनपेक्षा बारीक किंवा ग्रेट डेनसारख्या धिप्पाड कुत्र्याला मात्र वर्गमूळवालाच हिशेब करा.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही. पडून राहायला १० किलोच्या कुत्र्याला ३९४ कॅलरी लागतात, २० किलोच्याला ६६२. शेजारच्या लहान कुत्र्याचं माप डबल करून आपल्या मोठ्या कुत्र्याला लावलं की गणित तिथंच चुकतं.

१.४ च का? माझ्या डॉक्टरांनी १.६ सांगितलं.

पुस्तकात ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला १.६ आणि न झालेल्याला १.८ असतं. डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण फ्लॅटमधली, दुपारभर पंख्याखाली पडणारी कुत्री १.६ वर हळूहळू गोल होत जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मी १.४ वरून सुरुवात करायला सांगतो. शेतावर मोकळं पळणाऱ्या, उसाच्या फडात उंदरांमागं धावणाऱ्या कुत्र्याला १.८ काय, दोनही पुरणार नाही. वजन उतरवायचं असेल तर १, तेही आजच्या नाही तर जिथं पोचायचंय त्या वजनावर.

पोत्यावर तक्ता छापलेला असतो की. तो बघून घातलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण तो तक्ता तुमचं कुत्रं बघून छापलेला नाही. त्यात बहुतेक वेळा '२० ते ३० किलो: २८० ते ३८० ग्रॅम' असा ऐसपैस पट्टा असतो आणि आपण प्रेमानं वरचा आकडा धरतो. शिवाय तक्त्यातलं वजन म्हणजे कुत्र्याचं असायला हवं ते वजन. ३८ किलोच्या पैलवानाला मी ३८ च्या रकान्यातलं घालत होतो, म्हणजे त्याची चरबी सांभाळायला लागणारं खाद्य इमानेइतबारे पुरवत होतो. त्यावर चपाती, बिस्किट आणि रविवारची मेजवानी वेगळीच. त्यांचा तक्त्यात हिशेब नसतो.

आमच्या पोत्यावर कॅलरी लिहिलेल्याच नाहीत.

बऱ्याच पाकिटांवर नसतात. पण प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे टक्के असतात. राखेचे (म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणाऱ्या क्षारांचे) नसतील तर कोरड्या खाद्यात सात-आठ टक्के धरा. समजा प्रथिनं २२, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. बेरीज ५४. शंभरातून ५४ गेले की उरलेले ४६ पिष्ट. आता प्रथिनांना ३.५ नं, स्निग्धांशाला ८.५ नं आणि पिष्टाला ३.५ नं गुणा: ७७ + ८५ + १६१ = ३२३. शंभर ग्रॅममागं ३२३ कॅलरी.

आता मघाचं २५ किलोचं कुत्रं घ्या. ११०० मधून दहा टक्के वरच्या खाण्याला बाजूला ठेवले, राहिले ९९० च्या आसपास. त्याला ३.२३ नं भागलं की ३०५ ग्रॅम. महागड्या खाद्यात स्निग्धांश १८-२० टक्के असतो आणि शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी निघतात. तेच ९९० तिथं २५० ग्रॅममध्ये भागतात. पोतं बदललं आणि वाटी तीच ठेवली, एवढ्यावर दोन महिन्यांत जाड झालेली कुत्री मी बघितली आहेत. पाकिटावर 'किलोकॅलरी' लिहिलं असेल तर घाबरू नका, आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती तीच.

वाटीनं मोजलं तर चालतं का?

चालतं, पण एकदा ती वाटी काट्यावर ठेवून बघा. आमच्या वाटीत सपाट भरलं तर ८० ग्रॅम मावतं, शिगोशीग भरलं तर ११०. रोज दोन वेळा दोन-दोन वाट्या म्हटलं की १२० ग्रॅमचा फरक पडतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा. सकाळी दिवसभराचं खाद्य एकदाच मोजून डब्यात भरायचं आणि दिवसभर त्यातूनच घालायचं. डबा रिकामा झाला की विषय संपला.

कुत्र्याचं वजन कसं करायचं? ते काट्यावर उभंच राहत नाही.

लहान असेल तर उचलून घेऊन तुम्ही काट्यावर उभे राहा आणि नंतर तुमचं वजन वजा करा. उचलता न येणारं असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. फक्त वजनापुरतं गेलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. मी पैलवानाला सुरुवातीला ओळखीच्या गुळाच्या अडत्याकडं नेत होतो. गुळाच्या रव्यांच्या काट्यावर तो मुकाट बसायचा, कारण शेवटी गुळाचा खडा मिळायचा. म्हणजे वजन कमी करायला नेऊन गूळ चारत होतो! ते नंतर बंद केलं.

माझं कुत्रं जाड आहे की अंगानंच भरलेलं?

काट्यापेक्षा हाताला जास्त कळतं. डाव्या हाताची मूठ हलकेच आवळा आणि उजव्या हाताची बोटं मुठीच्या वरच्या हाडांवरून फिरवा. बरगड्या अशा लागत असतील तर कुत्रं वाळलंय. आता हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी बोटं फिरवा. हाडं न दाबता लागतात, पण टोचत नाहीत. अशा बरगड्या लागायला हव्यात. आणि तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल भागात बोटं दाबल्यावर जसं लागतं तसं बरगड्यांवर लागत असेल, तर खुराक कमी करायची वेळ झाली.

मग वरून बघा, बरगड्यांच्या मागं कंबर आत जायला हवी. बाजूनं बघा, पोट मागच्या पायांकडं वर चढत जायला हवं. दवाखान्यात याला १ ते ९ गुण देतात. ४-५ म्हणजे उत्तम आणि वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन.

आपल्याकडच्या कारवान कुत्र्यांचं वेगळं आहे. मुधोळच्या बाजूची ही शिकारी जात मुळातच शिडशिडीत. तिच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर ते ठीकच आहे. "काय रं, उपाशी ठेवतोस का कुत्र्याला?" असं रस्त्यात कुणीतरी म्हणणारच. मान हलवायची आणि पुढं जायचं. उलट लॅब, पग, बीगल यांच्या गोलपणाचं लोक कौतुक करतात, त्या कौतुकालाही फसू नका.

आमच्याकडं डॉग फूड नाही, भाकरी आणि दूध. पिढ्यान्‌पिढ्या कुत्री त्यावरच जगली की.

जगली, खरंय. माणसाच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्रं लांडग्यापासून वेगळं झालं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या विकराचा जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतींमध्ये असतो. म्हणजे भाकरी त्याला पचते. 'कुत्र्याला धान्य विष' असं जे हल्ली कानावर येतं ते सोडून द्या.

पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. निव्वळ भाकरी-दुधात प्रथिनं कमी पडतात, जस्त, तांबं, काही जीवनसत्त्वं कमी पडतात. कातडी कोरडी पडते, केस गळतात, अंग धरत नाही आणि पोट मात्र सुटतं. वाड्यावरचं जुनं कुत्रं भाकरीखेरीज दिवसभरात आणखी काय काय मारून खात होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

कॅलरीचा हिशेब असा: शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आतबाहेर. तुमच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागत असेल तर एका भाकरीत २४० च्या आसपास. आपल्याकडं भाकरी केवढी असते ते तुम्ही जाणताच, त्यामुळं एकदा पीठ मोजून बघा. तेल न लावलेली ३० ग्रॅम पिठाची चपाती शंभराच्या थोडी वर. शिजलेला भात शंभर ग्रॅमला १३०. तांदूळ शिजल्यावर जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून 'शंभर ग्रॅम तांदूळ' आणि 'शंभर ग्रॅम भात' यांत गफलत करू नका. उकडलेलं अंडं ७५, कातडीविना उकडलेलं बोनलेस चिकन शंभर ग्रॅमला १६०-१६५.

१० किलोच्या घरगुती कुत्र्याला ५५० लागतात. १५० ग्रॅम शिजलेलं चिकन, तेवढाच भात, एक अंडं आणि मूठभर उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर मिळून ५३५ भरतात. कॅलरी जुळल्या, तरी ताट पूर्ण नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. रोज हेच घालायचं असेल तर कॅल्शियम आणि बाकीच्या क्षारांचं प्रमाण डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. चिमूटभर अंदाजानं नको.

डॉग फूड आणि घरचं, दोन्ही मिसळून घातलं तर?

आमच्याकडं तेच चालतं. फक्त घरचं जेवढं वाढलं तेवढं खाद्य काढा. भात शंभर ग्रॅम घातला की खाद्य ४० ग्रॅम कमी. आणि घरचा वाटा फार वाढू देऊ नका, नाहीतर खाद्याचा समतोल जातो.

गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध मिळतं. थोडं घातलं तर अंगाला लागेल ना?

अंगालाच लागेल, प्रश्नच नाही. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, पाव लिटरमध्ये अडीचशेच्या पुढं कॅलरी. १० किलोच्या कुत्र्याचं ते जवळजवळ अर्ध्या दिवसाचं जेवण. त्यात वयात आलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी जुलाब. दूध बाधत नसलेल्या कुत्र्याला दोन चमचे दिले तर आभाळ कोसळत नाही. ताक किंवा दही जास्त सोसतं. धारोष्ण दूध मात्र तुम्हीच प्या.

श्रावणात आमच्या घरात अंडंही शिजत नाही. महिनाभर कुत्र्याचं काय करायचं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला फार आवडतो, कारण यात घरातल्या आजीची परवानगी काढावी लागते. कोरडं खाद्य चालू असेल तर काही बदलायची गरज नाही. आत काय आहे हे पाकिटाबाहेरून दिसत नाही आणि आजीही खोलात जात नाही. घरचंच खाणारं कुत्रं असेल तर महिनाभरासाठी पनीर, दही, शिजवून घोटलेली मूगडाळ यांवर भागवता येतं, पण पनीर शंभर ग्रॅमला अडीचशेच्या वर जातं हे लक्षात ठेवा. काही घरांत अंगणात वेगळी चूल मांडतात. ते सगळ्यात सोपं.

बदल एका रात्रीत करू नका, मग तो श्रावणासाठी असो किंवा नवीन पोत्यासाठी. आठवडाभर जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त असं करत जा. आणि श्रावण संपल्यावर पहिल्याच रविवारी सगळी कसर भरून काढू नका. बरीच पोटं तेव्हाच बिघडतात.

रविवारी मटण असतं. रश्श्यात भाकरी कुस्करून घातली तर?

नको. तांबडा नाही आणि पांढराही नाही. पांढरा तिखट नसतो म्हणून लोक बिनधास्त घालतात, पण कांदा-लसूण त्यातही असतं. कांद्या-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, बाधायला पुरेसा आहे. शिजवल्यानं ते जात नाही. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात तर दोन्ही सुकून आटलेलं असतं, त्यामुळं थोड्यातही जोर जास्त. वर तेलाचा तवंग. एकदम इतकं तेल पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वाकून उभं राहणारं, वांत्या करणारं कुत्रं सोमवारी दवाखान्यात दिसतं ते त्यामुळं.

मसाला घालायच्या आधी चार तुकडे वेगळे शिजवून काढा, तेही दिवसाच्या हिशेबात धरून. शिजलेलं हाड घालू नका, ते चिरफळतं आणि आतड्यात रुततं. कच्ची फुफ्फुसं, कलेजी हा खाटकाकडचा स्वस्त माल बरेच जण नेतात. त्यात कधी कधी पाण्याचे फोड असतात, तो एका पट्टकृमीचा, म्हणजे चपट्या जंताचा, डिंभ (अळी). कुत्र्याच्या पोटात त्याचे जंत होतात, अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात तसेच फोड तयार होतात. नीट शिजवल्याशिवाय घालूच नका. कलेजी शिजवलेलीही थोडीच, तिच्यात अ जीवनसत्त्व भारंभार असतं.

आणि मनुका, बेदाणे, द्राक्षं. शेजारी तासगाव असल्यानं आपल्याकडं बेदाण्याची बरणी घरोघरी उघडी असते. प्रसादाच्या शिऱ्यात, बेसनाच्या लाडवात ते असतातच. यानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते ठामपणे सांगता येत नाही. खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम यांनाही हेच लागू.

आम्ही तर मोजूनच घालतो, तरी वजन वाढतंय.

घरात हात किती आहेत? आमच्याकडं पाच होते. बायको सकाळी चपातीचा तुकडा टाकायची, वडील चहासोबत बिस्किटं, मुलगी डब्यातलं उरलेलं आणि मी रात्री 'आज कुणी काही दिलेलं दिसत नाही' म्हणून. पाचवा हात धुणंभांड्याच्या मावशींचा. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "मी कुठं काय घालते, एवढंसं तर!"

पाच ग्रॅमच्या ग्लुकोज बिस्किटात २२ कॅलरी. पाच बिस्किटं ११०. दहा किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेचा तो पाचवा हिस्सा. वरचं सगळं मिळून दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. आम्ही फ्रिजवर कागद लावला आणि जो घालेल त्यानं रेघ मारायची ठरवलं. पहिल्या दिवशी सतरा रेघा झाल्या. वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून रेघा मारणं बंद केलं, बिस्किटं नाही. शेवटी त्यांच्या हाताशी छोटी डबी ठेवली, तिच्यात कुत्र्याच्याच मापातले वीस-पंचवीस दाणे. त्यांना घातल्याचं समाधान आणि कुत्र्याला फरक कळत नाही. काकडी, गाजराचे तुकडेही चालतात.

जाड कुत्रं बारीक कसं करायचं? उपास?

उपास नाही. आणि नेहमीचं खाद्य एकदम अर्ध्यावरही आणू नका. कॅलरीबरोबर प्रथिनं आणि क्षारही अर्धे होतात.

पैलवान ३८ वर होता, जायचं होतं ३० वर. ३० किलोची पडून राहण्याची गरज ८९७, म्हणून ९०० वर ठेवला, डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी चरबी-जास्त तंतूच्या खाद्यावर. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तर योग्य. त्याच्या बाबतीत एक टक्का म्हणजे ३८० ग्रॅम. हिशेबानं पाच महिने लागायला हवे होते, आम्हाला आठ लागले, कारण मध्ये गणपती आणि दिवाळी आली. जाड कुत्र्याला एकदम पळवू नका, सांधे दुखावतात. आम्ही रंकाळ्याची चक्कर आधी पाव, मग अर्धी, मग पूर्ण केली.

दोन महिने नीट मोजूनही वजन हललं नाही तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

लॅब्राडॉरला कितीही घातलं तरी तो मागतोच. खरंच भूक लागते का त्याला?

काहींना खरंच लागत असावी. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. तशी कुत्री खाण्याच्या मागं जास्त असतात आणि वजनालाही भारी असतात. त्याचे डोळे म्हणजे भुकेचं मोजमाप नव्हे, एवढं त्यातून घ्यायचं. आणखी एक प्रयोग २००२ मध्ये छापून आला. ४८ लॅब्राडॉर घेऊन त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, जन्मभर. कमी खाणारी सरासरी १३ वर्षं जगली, दुसरी ११.२. सांधेदुखीही त्यांच्यात उशिरा आली. वडिलांना फ्रिजवरच्या रेघांनी पटलं नाही, या आकड्यानं पटलं.

पिल्लाला किती?

चार महिन्यांपर्यंत पडून राहण्याच्या गरजेच्या तिप्पट, पुढं वाढ होईपर्यंत दुप्पट. ५ किलोचं पिल्लू असेल तर २३४ च्या तिप्पट ७००. शंभर ग्रॅमला ४०० कॅलरीचं पिल्लांचं खाद्य असेल तर १७५ ग्रॅम, चार वेळांत विभागून. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन. पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं, म्हणून हिशेबही दर आठवड्याला.

मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढवू नका आणि तयार खाद्यावर वरून कॅल्शियमचं औषध घालू नका. जादा कॅल्शियम बाहेर टाकणं त्या वयात जमत नाही, हाडं वाकडी होतात. "पाय जाड व्हायला पाज" म्हणून एका दुकानदारानं मलाही बाटली दिली होती. पोट टम्म आणि बरगड्या वर असतील तर खाणं वाढवायच्या आधी जंताचं औषध झालंय का ते बघा.

ऑपरेशन केल्यावर कुत्रं जाड होतंच का?

ऑपरेशननं नाही, जुनंच माप चालू ठेवल्यानं. गरज वीस-तीस टक्क्यांनी घटते आणि भूक वाढते. टाके निघाले की माप कमी करा.

कुत्री गाभण आहे. डबल घालू का?

पहिले पाच आठवडे नेहमीचंच. दिवस साधारण ६३ असतात. शेवटच्या चार आठवड्यांत हळूहळू सव्वापट ते दीडपटीपर्यंत न्या, थोडं थोडं, जास्त वेळा, कारण पिल्लांमुळं पोटात जागा राहत नाही. खरी भूक व्याल्यावर. पाजत्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत लागतं, तेव्हा ताट भरलेलंच ठेवा. या सगळ्या लेखात हात आखडू नका असं मी फक्त इथंच सांगतोय.

पावसाळ्यात फिरणं बंद असतं. तेव्हा?

आठवडाभर घरात असेल तर दहा टक्के कमी. उन्हाळ्यात कुत्रं आपणहून कमी खातं, मागं लागू नका, सकाळी लवकर आणि रात्री उशिरा घाला. जून ते सप्टेंबर मोठं पोतं आणू नका. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्याला बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. हवाबंद डबा, कोरडी जागा. पंचगंगेच्या पट्ट्यात राहत असाल तर पंधरा दिवसांचं खाद्य वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात माणसांची सोय कशीबशी झाली, कुत्र्यांना मिळेल ते घालावं लागलं.

कुत्रं खातच नाही. वाट बघू की नेऊ?

खेळतंय, पाणी पितंय आणि फक्त तोंड फिरवतंय, तर ताट वीस मिनिटांनी उचला आणि संध्याकाळी पुन्हा ठेवा. मध्ये चिकनचा तुकडा मिळतो हे कळलं की ते रोजच तोंड फिरवतं. पण मरगळ, ताप, पांढऱ्या हिरड्या, अंगावर गोचीड, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी न्या. गोचीडताप असाच सुरू होतो. पिल्लू असेल तर अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबू नका. उलट बाजूनं, भरपूर खाऊन, भरपूर पाणी पिऊनही वाळत चाललं असेल तर साखर तपासा.

गल्लीतल्या कुत्र्यांना घालतो, त्यांनाही हाच हिशेब?

त्यांना घालणारे तुमच्याशिवाय आणखी चार जण असतात, त्यामुळं हिशेब लागणार नाही. बरगड्या बघून घाला, तिखट-मसाल्याचं घालू नका, ठरलेल्या जागी घाला आणि उरलेलं उचलून न्या. आमच्या गल्लीतल्या काळ्याला सात घरांतून मिळतं. तो चालत नाही, डुलतो. सातही घरं म्हणतात, आमच्याकडं तो फक्त एक चपाती खातो.